डवऱ्यातून सुटलेली काडी

सर एंटर दाबायच्या आधी पंखा बंद करायचे. यवतमाळात, एप्रिल महिन्यात. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर टिनाचं छप्पर, आणि कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून रोजची कुरबुर. अशा जागी साठीला टेकलेला एक माणूस खुर्चीतून उठणार, भिंतीपाशी जाऊन पंख्याचं बटण बंद करणार, परत येऊन उभ्यानंच कीबोर्डवर एक बोट ठेवणार आणि आमच्याकडे वळून म्हणणार, "कोनी हालू नका." आम्ही खरंच हलायचो नाही. काय म्हणून हलायचो नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, की पंख्याचा आणि कॉम्प्युटरमधल्या फायलींचा संबंध काय. सर म्हणाले, हवा लागते. फायलींना लागते की सरांना, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

आमचं ऑफिस म्हणजे सरकी संगणक सेवा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजायला जो मोठा वजनकाटा असतो, त्याचा प्रोग्राम आम्ही करायचो. गाडी काट्यावर चढली की वजन पडद्यावर यायचं आणि पावती छापून निघायची, एवढंच. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. भाऊंनी पहिला प्रोग्राम एका जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्यावर बसून लिहिला होता, म्हणून हे नाव. बाहेरच्या पाटीवर कापसाचं बोंड काढलेलं होतं, ते लांबून फुलकोबीसारखं दिसायचं.

भाऊंची कामाची पद्धत अशी, की नवीन गिऱ्हाईक आलं की जुन्या गिऱ्हाइकाचं अख्खं फोल्डर उचलून त्याची नक्कल करायची आणि त्यात पाहिजे तशी खटपट करून द्यायची. वणीच्या नकलेत कोळशाचे ट्रकही मोजले जायचे. पांढरकवड्याच्या नकलेत पावतीच्या डोक्यावर गणपती होता. महागाववाल्याला अक्षरं मोठी पाहिजे होती, कारण त्याचा चष्मा सतत घरी राहायचा. असं करता करता एकाच प्रोग्रामची एवढी भावंडं झाली की पावतीवरची एक ओळ बदलायची म्हटलं तरी प्रत्येक फोल्डरमध्ये शिरा, प्रत्येक फाईल उघडा, जुनं शोधा, नवीन घाला, पुढं चला. हंगामाच्या तोंडावर असा बदल निघाला की ऑफिसात सुतक पडायचं.

सर आले आणि हे सुतक फिटलं. ते मूळचे टायपिंग इन्स्टिट्यूटचे. टाइपरायटर गेले, शिकायला येणारे आटले, तेव्हा त्यांनी पन्नाशी उलटल्यावर प्रोग्रामिंग शिकून घेतलं. कोणाकडून शिकले, हे विचारलं की दर वेळी वेगळं नाव यायचं. बोटांतला टाइपरायटर मात्र गेला नव्हता. ते अक्षरं दाबायचे नाहीत, ठोकायचे, आणि ओळ संपली की त्यांचा डावा हात हवेत कुठलीतरी नसलेली दांडी ढकलायचा. आम्हा सगळ्यांना, कालपरवा लागलेल्यांनासुद्धा, ते अहो-जाहो करायचे. एकेरीवर यायचे ते फक्त कॉम्प्युटरशी. आतल्या खोलीतून "काहून थांबला बे?" असं ऐकू आलं की समजायचं, मशीन अडलं आहे.

त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिलं डवरा. पेरलेल्या ओळींच्या मधून बैलामागं डवरा फिरवतात, तण निघतं आणि पीक उभं राहतं. सरांचा डवरा तसाच सगळ्या फोल्डरांतून, सगळ्या फायलींतून फिरायचा. आधी नुसता शोधायचा. कुठं काय सापडलं आणि बदलल्यावर ते कसं दिसेल, हे पडद्यावर यायचं. ते सर डिक्टेशन दिल्यासारखं खणखणीत आवाजात वाचायचे, स्वल्पविराम, कंस, टिंबासकट. वाचून झालं की पंखा बंद, कोनी हालू नका, आणि एंटर. आठवड्याचं काम चहा निवायच्या आत व्हायचं. त्यानंतर ते पंखा लावायचे आणि घाम पुसत आमच्याकडे अशा नजरेनं पाहायचे, की जणू काम आम्ही केलं आणि ते बघायला आले होते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माणूस विक्षिप्त, पण कामाचा. पुढचं मला समजलं नाही आणि अजून समजलेलं नाही.

मला जरा झालेलं काम पुन्हा तपासायची खोड आहे. घराला कुलूप लावून जिना उतरले तरी परत वर जाऊन कडी ओढून बघते. एकदा सरांचा डवरा फिरून झाल्यावर मी सहज जुनी ओळ पुन्हा शोधून पाहिली. एक सापडली. एवढ्या सगळ्या फायलींमध्ये एका ठिकाणी जुनं तसंच होतं. मला वाटलं, डवऱ्यात खोट आहे. मी मोठ्या शोधाच्या आनंदात सरांना बोलावलं. त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिलं आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखी मान हलवली.

"हाओ, आहे तिथं."

मी म्हटलं, "राहून गेलं का सर?"

"राह्यलं नाही जी. ठेवलं."

आणि गेले चहा प्यायला.

मग मी दर वेळी पाहू लागले. दर वेळी एक. कधी वणीच्या फोल्डरमध्ये, कधी महागावच्या, पण एक ठरलेलं. जागाही शोधून काढलेली असायची. प्रोग्राममध्ये काही ओळी कॉम्प्युटर वाचतच नाही, त्या आपल्यासारख्यांसाठी टिपण म्हणून लिहिलेल्या असतात. सर बहुतेक अशाच ओळीत ती जुनी ओळ, तणाची काडी राहावी तशी, ठेवून द्यायचे. नुकसान शून्य. पण मग ठेवायची कशाला?

मला त्यांनी सांगितलं, की लहान लेकराच्या गालाला तीट लावता की नाही, तसं समजा. मला ते पटलं. मग कळलं, की भाऊंना त्यांनी सांगितलं होतं, तपासायला खूण म्हणून ठेवतो. भाऊंनाही ते पटलं होतं. वणीच्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगताना मी स्वतः ऐकलं, की ते तुमच्या काट्याचं नशीब आहे, त्याला हात लावू नका. तिसरं कारण ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, सर, खरं कोणतं? ते म्हणाले, त्यांनाही पक्कं सांगता येत नाही, पण सारं साफ झालं की त्यांना कसंतरीच होतं.

मी मग माझा माझा सिद्धांत बांधला. सर चहाचा शेवटचा घोट कपात सोडायचे. पेपरचं एक पान न वाचता घडी घालायचे. ऑफिसात येताना शर्टाचं एक बटण उघडं असायचं. म्हणजे या माणसाला काहीच पुरं करवत नाही, असं मी ठरवून टाकलं आणि दोन दिवस स्वतःवर खूश होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी जिलेबी आणली. सरांनी जिलेबी संपवली, कागदाला लागलेला पाक बोटानं निपटून खाल्ला, कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. माझा सिद्धांत तिथंच आडवा झाला.

एकदा मात्र काडी नडली. आमच्या ऑफिसचा फोन नंबर बदलला. पावतीच्या तळाला नंबर छापायचा असल्यामुळे डवरा फिरवावा लागला. सरांनी एक जुना नंबर ठेवला, पण या खेपेला टिपणाच्या ओळीचा त्यांचा अंदाज चुकला, आणि महागावच्या दुसऱ्यांदा छापलेल्या पावत्यांवर जुना नंबर येऊ लागला. तोपर्यंत तो नंबर फोन कंपनीनं दिग्रसकडच्या एका बँडवाल्याला देऊन टाकला होता. कापूसवाले त्याला फोन करायचे, की माझ्या गाडीचं वजन कमी दाखवलं, आणि तो म्हणायचा, वजनाचं माहीत नाही, घोडा पाहिजे असेल तर आहे.

एका दुपारी तो बँडवाला पत्ता शोधत ऑफिसात आला. भाऊ उठून उभेच राहिले, आता हा भांडणार म्हणून. तो भांडला नाही. त्या फोनांमधून त्याला लग्नाच्या दोन सुपाऱ्या मिळाल्या होत्या, आणि नंबर एवढा हंगाम तसाच राहू द्या, अशी विनंती करायला तो आला होता. सर आतून ऐकत होते. ते बाहेर आले, बँडवाल्याला नमस्कार केला आणि भाऊंना शांतपणे म्हणाले, "पाहा. कोनाचं काही बिघडलं काय?" भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. नंबर आम्ही त्याच दिवशी बदलला. मी बदलला. सर खिडकीतून बाहेर पाहत होते.

संक्रांतीला सरांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, तेव्हा मला वाटलं, आता घरचं माणूस तरी उलगडा करेल. घर नुकतंच रंगवलेलं, पिस्ता रंग. दाराच्या मागे मात्र ताटाएवढा तुकडा जुन्या निळ्या रंगाचा. मी त्या तुकड्याकडे पाहतेय हे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, पाहिलं.

"माह्याकडं नका पाहू," काकू म्हणाल्या. "मले बी नाही समजत. पेंटर म्हणे, राह्यलं काय? हे म्हणे, हात नको लावू."

मग मी ऑफिसातली डवऱ्याची सगळी हकीकत सांगितली. काकू ऐकत गेल्या. मग हातातलं तिळगुळाचं ताट त्यांनी खाली ठेवलं आणि आपल्या लग्नातली गोष्ट सांगितली. त्यांच्या सासरी लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत पक्की होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहायचं. मोठ्या तिन्ही जावांची नावं तशी बदलली. काकू सगळ्यात धाकट्या. सरांनी अंगठी घेतली आणि तांदळात काकूंचं माहेरचं नाव जसंच्या तसं लिहिलं. सासूबाई रुसल्या, मांडवात कुजबुज झाली, पण सरांनी ताट काही पुसलं नाही.

"मी आतापर्यंत समजत होती, प्रेमानं ठेवलं," काकू म्हणाल्या. "आता तुमची गोठ ऐकली त मले शंका येऊन राह्यली."

मी तिळगूळ तोंडात टाकला आणि तोंड भरल्याचं निमित्त केलं. काकू हसल्या, पण त्या दिवशी निघेपर्यंत दोनदा दारामागच्या त्या निळ्या तुकड्याकडे बघून आल्या. घरी येताना मला अपराध्यासारखं वाटत होतं आणि हसूही येत होतं, आणि या दोन्हींतलं खरं कोणतं ते ठरवता येत नव्हतं.

पुढं भाऊंना एकट्यानं कारभार झेपेना. त्यांनी नागपूरचा एक भागीदार घेतला. साहेब वाईट नव्हते. नेटके होते, वेळेवर फोन उचलायचे, कूलरमध्ये पाणी भरायला त्यांनी माणूस लावून दिला. फक्त त्यांना सगळं साफ लागायचं. त्यांनी आल्या आल्या सगळी फोल्डरं चाळली आणि जागोजागी शिल्लक राहिलेल्या काड्या त्यांना दिसल्या. भाऊंनी तपासणीची खूण वगैरे सांगून पाहिलं. साहेबांना ते पटलं नाही.

आणि मग त्यांनी कंपनीचं नावच बदलायचं काढलं. नवीन नाव इंग्रजी होतं आणि त्याचा अर्थ आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना, साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, अर्थ नसतो, नाव असतं. 'सरकी' हा शब्द प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर, प्रत्येक पावतीच्या खाली, पडद्यावर, सगळीकडे होता. साहेबांनी भाऊंना माझ्यासमोर बजावलं, की या वेळी एक जरी जुनं नाव राहिलेलं दिसलं, तर सरांना घरी बसवायचं. वयही झालंच आहे, असं वर म्हणाले.

सरांना घर म्हणजे दुखणं वाटायचं. रविवारीसुद्धा ते काहीतरी निमित्त काढून ऑफिसात येऊन बसायचे आणि म्हणायचे, घरी बसलो का मी गंजलो. मी त्यांना बाहेर गॅलरीत गाठलं आणि साहेबांचा निरोप सांगितला. हात जोडले. म्हटलं, सर, या वेळी नका ठेवू. एवढ्या वेळी नका.

ते खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, "नाही ठेवत."

डवरा फिरवायच्या दिवशी साहेब मुद्दाम नागपूरहून आले. सरांनी यादी मोठ्यानं वाचली नाही. उभे राहिले नाहीत. पंखाही बंद केला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी एंटर दाबला, आमच्यापैकी कोणीतरी हलत होतं तरी. मी जुनं नाव शोधलं. शून्य. पुन्हा शोधलं. शून्य. साहेबांनी सरांचा हात हातात घेऊन दाबला. भाऊंनी पेढे मागवले. सरांनी पेढा खाल्ला, वर चहा घेतला आणि कप पूर्ण रिकामा करून ठेवला. मला खरं तर बरं वाटायला पाहिजे होतं. मला त्या रिकाम्या कपाकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. गिऱ्हाइकांच्या तक्रारी तेच घ्यायचे. त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "नमस्कार, सरकी संगणक सेवा. बोला."

आम्ही हसलो. एवढ्या वर्षांची जिभेची सवय. दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. भाऊंनी गोडीत सांगितलं. सर हो म्हणाले आणि पुढचा फोन त्याच नावानं घेतला. भाऊंनी नवीन नाव ठळक अक्षरात लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवलं. सर रोज सकाळी त्या कागदावरची धूळ फडक्यानं पुसायचे, आणि फोन वाजला की म्हणायचे, नमस्कार, सरकी संगणक सेवा. शेवटी एकदा खुद्द साहेबांनीच नागपूरहून फोन केला आणि त्यांनाही हेच ऐकायला मिळालं.

भाऊ म्हणायचे, मुद्दाम करतात. काकूंना मी विचारलं, तर त्या काळजीत होत्या. अलीकडे गॅसवर दूध ठेवून विसरतात, म्हणाल्या, डॉक्टरला दाखवू म्हटलं तर ऐकत नाहीत. मला दोन्हीही पटायचं. कारण त्याच आठवड्यात सर टोपी विसरून गेले होते, आणि त्याच आठवड्यात त्यांनी मला वणीच्या फोल्डरमधली एक जुनी भानगड न बघता, तोंडपाठ सांगितली होती. विसरणारा माणूस असा असतो का? आणि मुद्दाम करणारा इतका निर्मळ चेहऱ्यानं करू शकतो का? मी रात्रंदिवस हेच घोकत होते म्हणायला हरकत नाही.

एकदा धीर करून विचारलंच. सर, फोनवर जुनं नाव तुम्ही मुद्दाम घेता का?

त्यांनी उलट मला विचारलं, "फायलीत एकबी नाही ना?"

"नाही सर."

"तुम्ही पाह्यलं?"

"रोज पाहते."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि पुढच्या कामाला लागले. काय झालं, ते मला कळलं नाही.

हंगाम संपल्यावर साहेबांनी त्यांना मोकळं केलं. मानानं केलं, हे सांगायला पाहिजे. शाल दिली, नारळ दिला, भाऊ बोलताना रडले. सरांनी भाषण केलं नाही, सगळ्यांना एकेकदा नमस्कार केला आणि कॉम्प्युटरकडे पाहून "नीट राह्यजो बे" म्हणाले. शाल त्यांनी खांद्यावर घेतली. नारळ टेबलावरच राहिला. ते विसरले, की ठेवून गेले, यावर ऑफिसात दोन तट पडले. मी कोणत्याच तटात नव्हते. मी जिन्यापर्यंत गेले होते आणि ते एकेक पायरी सावकाश उतरताना पाहून परत आले होते. मला फार एकटं वाटलं.

पुढच्या हंगामाच्या आधी पावतीत एक बदल निघाला. आता डवरा मी फिरवते. सगळीकडे नीट फिरला आणि वणीच्या फोल्डरमध्ये जाऊन अडला. कोळशाच्या ट्रकांजवळ कुठंतरी सरांनी काहीतरी करून ठेवलेलं होतं, ते मला उकलेना. मी सरांना त्यांच्या मोबाईलवर फोन लावला. माझं नाव त्यांच्या फोनवर दिसत असणार, इतकी वर्षं आहे त्यात.

"नमस्कार," पलीकडून आवाज आला, तसाच खणखणीत. "सरकी संगणक सेवा. बोला."

घरी, दारामागं निळा तुकडा असलेल्या त्या खोलीत बसून. काकूंचं खरं होतं तर, असं वाटलं. त्यांना वाईट वाटू नये, त्यांना आपण एकटे आहोत असं वाटू नये, म्हणून मी आवाज सांभाळत म्हटलं, "सर, मीसुद्धा सरकीमधूनच बोलतेय."

पलीकडे नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग चालल्याचा आवाज झाला आणि ती घरघर बंद पडली.

"मॅडम, असं नका करू," सर म्हणाले. "मंग दोन होतात. एकच राह्यला पाहिजे. तुम्ही नवीन नाव सांगत जा."

मी बरं म्हटलं. त्यांनीही बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वणीच्या फोल्डरमध्ये डवरा का अडतो, ते विचारायचं राहूनच गेलं.